डोंगर त्याच्या ओळखीचा होता

दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस मुलांना डोंगर चढायला न्यायचं, हे माझ्या नवऱ्यानं ठरवलं. याआधी त्यानं असलं काही ठरवलेलं मला आठवत नाही. आमची सहल म्हणजे राजूरचा गणपती, नाही तर मुलांच्या मामाचं गाव. जालन्यात राहणाऱ्या माणसाला डोंगर चढायची हौस आली तर तो सह्याद्रीकडं जातो. आमच्याकडं डोंगर आहेत, पण ते सगळे बसक्या बैलासारखे, आणि त्यांच्याकडं कोणी मुद्दाम बघत नाही.

"अंबडच्या पुढं एक डोंगर आहे," तो म्हणाला. "वर दोन-तीन लेण्या आहेत जुन्या. पोरांना जमेल असा चढ आहे."

"तुम्हाला काय माहीत चढ कसाय ते?"

"मोबाइलवर बघितलं."

मी पुढं विचारलं नाही. पण मनात एक नोंद झाली. त्या महिन्यात माझ्या मनात अशा बऱ्याच नोंदी होत होत्या. तो एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या प्लांटवर सुपरवायझर होता. सकाळी साडेआठला डबा घेऊन मोटारसायकलवर निघायचा, संध्याकाळी सहाच्या सुमाराला यायचा. महिनाभर मी त्याचे मोजे धुताना त्यात कुसळं बघत होते. पावसाळा संपला की माळरानावरचं गवत वाळतं आणि त्याची ती टोकदार कुसळं कपड्यांत घुसून बसतात. एक-दोन नाही, मोज्याच्या वरच्या काठाला भरगच्च. मी एकदा विचारलं तर म्हणाला, प्लांटच्या मागं मोकळी जागा आहे, तिथून गोदामाकडं जावं लागतं. पण मागच्या मोकळ्या जागेतून रोज कशाला जावं लागेल, हे काही माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी एका शाळेत शिकवते. मुलांची खोटी कारणं ऐकण्यात माझी पंधरा वर्षं गेली आहेत. खोटं बोलणारं पोर कारण लगेच देतं आणि मग हातातलं काहीतरी चाळवत बसतं. त्यानं त्या वेळी गाडीची किल्ली चाळवली होती.

खरं सांगायचं तर मला दुसऱ्या बाईचा संशय होता. माळावरच्या गवतातून कोणत्या बाईला भेटायला जातात, हे मला कळत नव्हतं, पण संशयाला एवढं कळायची गरज नसते.

अमावास्या दोन दिवसांवर होती. सासूबाईंचे गुडघे दुखत होते, त्या घरी राहिल्या. दिराची चारचाकी मागून घेतली आणि आम्ही सकाळी सातला निघालो. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा साडेचारचा. त्याला डोंगर म्हणजे घसरगुंडी वाटत होती. मी डब्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दही घेतलं होतं, आणि मुलानं वाळूत खेळायची लोखंडी खुरपी हट्टानं सोबत घेतली होती. अंबड मागं टाकून आम्ही शहागडच्या रस्त्याला लागलो आणि मग एका फाट्यावर वळलो. त्यानं वळताना फाट्यावरची पाटी बघितली नाही. पाटी झाडीत अर्धी झाकलेली होती, मला ती वळून गेल्यावर दिसली.

गावाचं नाव मी लिहीत नाही. गावाच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी एक मोठा लिंब आहे आणि त्याच्या शेजारी पत्र्याचं चहाचं हॉटेल. गाडी थांबली तसा एक पिवळट कुत्रा पळत आला. तो माझ्याकडं आला नाही, मुलांकडं आला नाही. तो सरळ नवऱ्याच्या पायाला अंग घासायला लागला, आणि नवऱ्याचा हात आपोआप त्याच्या कानामागं गेला. मग त्यानं हात मागं घेतला.

"ओळखीचाय का?" मी विचारलं.

"कुत्री अशीच असतात," तो म्हणाला.

हॉटेलवाल्या बाईनं दोन चहा आणले. माझ्या पेल्यात साखर, त्याच्या पेल्यात नाही. त्याची शुगर काठावर आहे म्हणून वर्षभर तो बिनसाखरेचा पितो. पण त्यानं त्या बाईला तसं सांगितलं नव्हतं. मी तिथंच होते, मी ऐकलं असतं. मी त्या बाईकडं बघितलं. साठीच्या पुढची, दात पडलेली, कपाळावर मोठं गोंदण. मला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. पण मग हा इथं कशाला येतो?

लिंबाच्या पारावर एक म्हातारा बसला होता. पांढरं धोतर, टोपी, हातात वेळूची काठी. तो आमच्याकडं बघत होता, आणि त्याचं बघणं नुसतं कुतूहलाचं नव्हतं. मुलगा पारावर चढून उड्या मारायला लागला तसं म्हाताऱ्यानं विचारलं, "काय रे, कितवीला आहेस?"

मुलगा लाजला. माझी मुलगी कधीच लाजत नाही. ती म्हणाली, "तो बालवाडीत आहे. आणि तो पायाळू आहे. आजी म्हणते त्याचा पाय पाठीला लावला की उसण जाते."

हे खरं होतं. मुलगा पोटात उलटा होता, पायाकडून. ऑपरेशन करावं लागलं. सासूबाई शेजारपाजारच्या बायकांच्या पाठीला त्याचा पाय लावू देत, आणि मी ते हसण्यावारी नेत असे. पण पायाळू मुलाबद्दल आमच्या भागात आणखी एक समजूत आहे, आणि ती हसण्यावारी नेता येत नाही. जमिनीत पुरलेलं धन पायाळूला दिसतं म्हणतात. गुप्तधनाच्या नादी लागलेली माणसं अशा मुलांच्या शोधात असतात. आणि नुसतं बघायला नेत नाहीत, असंही ऐकलेलं असतं. अमावास्येच्या आसपास तर आई-बाप मुलांना जास्तच जपतात.

म्हाताऱ्याचा चेहरा बदलला. तो मुलाकडं बघत राहिला, मग माझ्या नवऱ्याकडं. बराच वेळ.

"गाडी बदलली साहेब," तो म्हणाला.

नवऱ्यानं पेला खाली ठेवला. "चला," तो मला म्हणाला. "ऊन व्हायच्या आत चढू."

आम्ही चढायला लागलो. मी मुलाचा हात इतका घट्ट धरला होता की तो दोनदा म्हणाला, मम्मी दुखतंय.

दिवस खरोखर सुंदर होता, हे मला आता फोटो बघून कळतं. पहिल्यांदा कापसाच्या शेताच्या बांधावरून वाट होती, बोंडं फुटून पांढरी झालेली. मग घाणेरीची झुडपं, आणि नंतर सीताफळांची झाडंच झाडं, डोळे उघडलेली हिरवी फळं लटकलेली. थोडं वर गेल्यावर खाली मोसंबीच्या बागांचे चौकोन दिसायला लागले, शेततळ्यांचं पाणी चमकायला लागलं, आणि लांब कालव्याची रेघ. मुलगी प्रत्येक वळणावर थांबून "व्वा" म्हणत होती. मुलगा खुरपीनं जमेल तिथं माती उकरत होता. मी मात्र पुढं नवऱ्याची पाठ बघत होते आणि मागं वळून वाट.

कारण म्हातारा मागं येत होता.

फार जवळ नाही. आम्ही थांबलो की तो थांबायचा. आम्ही बसलो तर तोही एखाद्या दगडावर बसायचा, काठी मांडीवर आडवी घेऊन. लपत नव्हता. त्याचंच मला जास्त भय वाटलं.

"अहो, तो म्हातारा आपल्या मागं येऊन राह्यला."

नवऱ्यानं वळून बघितलं. मला वाटलं होतं तो एक तर हसेल, नाही तर घाबरेल. त्यानं दोन्ही केलं नाही. माझ्या वर्गात कॉपी करताना सापडलेल्या मुलाचा चेहरा होतो तसा त्याचा झाला.

"शेळ्या बघायला येत असेल."

"एक तरी शेळी दिसतेय का तुम्हाला?"

पुढं वाट दोन झाली. रुळलेली वाट सरळ वर जात होती. तो डावीकडं वळला, जिकडं वाट आहे असं मला वाटलंही नसतं.

"इकडून कशाला?"

"इकडून चढ कमी आहे. पुढं पाण्याचं टाकं लागतं, सावली आहे."

पुढं पाण्याचं टाकं लागलं. सावली होती. दगडात कोरलेलं चौकोनी टाकं, त्यात काळं थंड पाणी. मी मोबाइल काढून बघितला. रेंज नव्हती. पायथ्यापासूनच नव्हती. एखाद्या मोबाइलवर कोणत्या सीताफळाच्या झाडामागून डावीकडं वळायचं, हे लिहिलेलं असेल असं मला वाटत नव्हतं.

"तुम्ही इथं आधी आलेले आहात."

"नाही."

"खरं सांगा."

"पोरांसमोर नको," तो म्हणाला. म्हणजे काहीतरी होतं.

मुलांनी तिथं धपाटे खाल्ले. मला घास गेला नाही. मी खाली परतायचं म्हणत होते, पण परतायची वाट म्हाताऱ्याच्या अंगावरून जात होती. आणि मुलगी लेण्या बघितल्याशिवाय यायला तयार नव्हती. लेण्या अगदी जवळ होत्या, टाक्याच्या वरच.

लेण्या म्हणजे कड्यात कोरलेल्या तीन साध्या खोल्या. मूर्ती नाही, खांब नाहीत, वटवाघळांचा वास. मुलगी पहिल्या खोलीत शिरली आणि लगेच बाहेर आली.

"मम्मी, इथं पूजा केलीय."

मी आत गेले. जमिनीत कमरेएवढा खड्डा होता. ताजा. उकरलेली माती अजून ओलसर होती. कडेला कापलेली लिंबं, हळद-कुंकू, फुटलेला नारळ, आणि कणकेची एक छोटी बाहुली. ती सुकून तडकली होती. मुलगा तिच्याकडं खेळणं म्हणून हात करत होता. मी त्याला दंडाला धरून मागं ओढलं, बहुतेक फारच जोरात, कारण त्यानं मोठ्यानं भोकाड पसरलं.

नवरा माझ्या मागं उभा होता. तो खड्ड्याकडं बघत हळूच म्हणाला, "हे इथं नव्हतं."

मी वळले. "कधी नव्हतं?"

त्याला आपण काय बोललो ते तेव्हा कळलं.

मी पुढं काही विचारायच्या आत खोलीच्या तोंडाशी उजेड कमी झाला. म्हातारा उभा होता. त्याच्यासोबत आता दोन तरणी माणसं होती, कडेच्या वाटेनं वर आलेली. एकाच्या हातात कुऱ्हाड होती, लाकडं तोडायची साधी कुऱ्हाड, पण कुऱ्हाडच. दुसऱ्यानं मोबाइल वर धरला होता. तो आमचं शूटिंग करत होता.

"साहेब, बाहेर या," म्हातारा म्हणाला. "लेकरं इकडं द्या."

माझ्या डोक्यात तेव्हा एकच होतं, की यांना मुलगा पाहिजे. त्यांनी पायथ्याशी ऐकलं, मागं आले, खड्डा तयार आहे. मी मुलाला कडेवर घेतलं, मुलीला मागं ढकललं आणि म्हणाले, "कोणी पुढं यायचं नाही." माझा आवाज वर्गातला निघाला. त्या दोघांतला मोबाइलवाला थोडा मागं सरकला, पण शूटिंग थांबलं नाही.

म्हातारा माझ्याकडं बघत होता आणि त्याच्या नजरेत मला जे दिसलं ते मी ओळखू शकले नाही. ती कीव होती, हे मला नंतर कळलं.

"माय, ही लेकरं तुझीच का?"

मला प्रश्नच समजला नाही. "म्हणजे?"

"तुझ्या पोटची आहेत का? का ह्या माणसानं कुठून आणली?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की ज्याची मला भीती वाटत होती त्याचीच भीती त्या म्हाताऱ्याला वाटत होती. आणि त्याची भीती माझ्या नवऱ्याकडं बोट दाखवत होती.

"माझीच आहेत. आमची आहेत."

"तूच सांग रे बाळा," म्हातारा मुलाला म्हणाला. "ही कोण तुझी?"

माझा मुलगा रडून लाल झाला होता, दंड दुखत होता, बाहुली मिळाली नव्हती. त्यानं मला ढकललं आणि म्हणाला, "मला नको ही. मला आजीकडं जायचंय."

कुऱ्हाडवाला माणूस एक पाऊल पुढं आला. दूरच्या गावांत अशा संशयावरून काय काय झालेलं आहे, ते मी वाचलेलं होतं. तो मोबाइलवरचा तुकडा खाली गावात जाऊन रेंजमध्ये आला की एखाद्या ग्रुपवर पडणार, आणि आम्ही पायथ्याशी पोहोचेपर्यंत तिथं किती माणसं जमलेली असतील, हे मला स्पष्ट दिसायला लागलं.

मुलगी माझ्या मागून पुढं आली. "तो असंच म्हणतो," ती म्हाताऱ्याला म्हणाली. "काल मला पण म्हणला, तू माझी ताई नाही. हे आमचे पप्पा आहेत." आणि तिनं मोबाइल माझ्या हातातून घेऊन फोटो दाखवायला सुरुवात केली. वाढदिवस, शाळेचं गॅदरिंग, मुलाचं जावळ. म्हातारा डोळे बारीक करून एकेक बघत होता. त्यानं चार-पाच फोटो बघितले आणि मोबाइलवाल्या माणसाला म्हणाला, "बंद कर रे ते."

"काका, राहू द्या की पुरावा."

"बंद कर म्हणलं ना."

त्यानं मोबाइल खिशात ठेवला. मग म्हातारा एका दगडावर टेकला आणि नवऱ्याला म्हणाला, "बसा साहेब. लेकरं तुमची आहेत, कबूल. आता मला एक सांगा. सव्वा महिना झाला, मी तुम्हाला बघून राह्यलो. फटफटीवर एकटेच येता. गाडी लिंबाखाली लावता. वर येता. तीन-चार घंटे डोंगरावर असता. आइतवार सोडला तर एक दिवस आड न्हाई. दोन दिवसाखाली हा खड्डा पडला. आणि आज अमावास्या तोंडावर असताना गाडी बदलून येता, सोबत पायाळू लेकरू, त्याच्या हातात खुरपी. मंग मी काय समजू?"

मी नवऱ्याकडं बघितलं. सव्वा महिना. मी दगडावर बसले. त्या क्षणी मी म्हाताऱ्याच्याच बाजूला होते. तो जे विचारत होता तेच मलाही पाहिजे होतं, आणि एक सेकंद, अगदी एक सेकंद, मला त्या खड्ड्याबद्दलही वाटून गेलं. अकरा वर्षांच्या संसारानंतर मला आपल्या नवऱ्याबद्दल असं वाटू शकतं, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

नवरा खाली बघत होता. तो म्हाताऱ्याशी बोलला, माझ्याशी नाही.

"माझं काम गेलंय, बाबा."

"कुठलं?"

"बियाण्याच्या प्लांटवर होतो. पोळ्यानंतर सहा जणांना कमी केलं. त्यात मी. घरी सांगायची हिंमत झाली नाही. मग रोज डबा घेऊन निघायचो. शहरात थांबलो तर कोणी ना कोणी बघणार. म्हणून इकडं."

"एवढ्या लांब?"

"पहिल्या दिवशी नुसता गाडी चालवत राहिलो. लिंब दिसला, थांबलो."

म्हाताऱ्यानं हे ऐकून घेतलं. त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही. "काम जातं माणसाचं," तो म्हणाला. "पण काम गेलेला माणूस घरी बसतो. घरच्यांना ठाऊक असतं." मग तो माझ्याकडं वळला. "माय, तुला ठाऊक होतं का हे?"

सगळे माझ्याकडं बघत होते. कुऱ्हाडवाला, मोबाइलवाला, म्हातारा. मुलगी. नवरा सोडून सगळे.

मी नाही म्हणाले असते तर ते खरं झालं असतं. आणि खरं सांगितलं असतं तर जो माणूस बायकोपासून सव्वा महिना लपवतो तो आणखी काय लपवत असेल, असं त्यांना वाटलं असतं. मलाही तेच वाटत होतं. तो आत्ता सांगतोय ते तरी खरं कशावरून, हे मला कळायला काही मार्ग नव्हता.

"हो," मी म्हणाले. "मला ठाऊक होतं."

मुलीनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं की मी खोटं बोलले. दोनच दिवसांपूर्वी मी तिच्यासमोर त्याला म्हणाले होते, की प्लांटवाले दिवाळीची मिठाई अजून देत कसे नाहीत.

म्हातारा उठला. "साहेब, तुम्ही कुठं बसायचा ते दाखवा."

नवरा आम्हाला लेण्यांच्या पलीकडं, कड्याच्या टोकाला घेऊन गेला. तिथं एका उंबराची सावली होती आणि एक सपाट दगड. त्यानं दगडाशेजारच्या कपारीत हात घातला आणि एक प्लास्टिकची पिशवी काढली. म्हाताऱ्यानं ती उघडली. आत वर्तमानपत्रांची पानं होती, नोकरीच्या जाहिरातींना पेनानं गोल केलेले. त्याच्या कागदपत्रांच्या झेरॉक्स. एका कापसाच्या जिनिंग मिलला लिहिलेला अर्ज, दोनदा खोडून परत लिहिलेला. म्हाताऱ्यानं तो अर्ज ओठ हलवत पूर्ण वाचला. मीही त्याच्या खांद्यावरून वाचला. अक्षर नवऱ्याचंच होतं.

"बराबर आहे," म्हातारा अखेर म्हणाला. "पण साहेब, जागा चुकीची धरली तुम्ही. ह्या डोंगरावर पूर्वी एकदा लेकरू हरवलेलं आहे. गाव विसरलं, मी न्हाई विसरलो. माझ्या भावाचं होतं ते."

त्यानं पिशवीची घडी घालून ती नवऱ्याच्या हातात दिली.

उतरताना तो आमच्या सोबत आला. दमलेल्या मुलाला घ्यायला त्यानं हात पुढं केले, पण मी दिला नाही. वाटेत त्यानं काठीनं चार-पाच सीताफळं पाडली आणि मुलीच्या ओढणीत टाकली. पायथ्याशी त्यानं त्या मोबाइलवाल्याला शूटिंग माझ्यासमोर पुसायला लावलं, आणि मग त्यालाच आमच्या गाडीच्या नंबरचा फोटो काढायला लावला. माझा फोन नंबर आणि पत्ता घेतला, स्वतःचा दिला. "राग मानू नको माय," तो म्हणाला. "मी अजून कोणाला संशयातून सोडलेलं न्हाई. चौकशी करीन." त्यानं ती केलीही. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला कोणीतरी आमच्याबद्दल विचारून गेलं.

सीताफळं मी मुलांना खाऊ दिली नाहीत. अंबडजवळ गाडी थांबवून रस्त्याकडेला टाकली. मुलगी रडली. मला त्या म्हाताऱ्याबद्दल आता काही संशय नव्हता, पण हात ऐकत नव्हता.

मुलं मागच्या सीटवर झोपली तेव्हा मी विचारलं, "आता सांगितलं ते खरं का?"

"खरं."

"मला का नाही सांगितलं?"

"रोज सांगणार होतो. रोज तू शाळेतून दमून यायचीस. मग म्हणलं उद्या."

"आणि आज आम्हाला तिथंच कशाला नेलं?"

समोर कापसाच्या गाठींचा ट्रक होता, त्याला तो ओलांडत नव्हता. "वर बसून सांगावं म्हणलं," तो म्हणाला. "त्या दगडावर. तुम्हा तिघांना तिथून सगळं दिसलं असतं, मोसंबीच्या बागा, कालवा. मी रोज बघायचो ते. वाटलं, तिथं सांगितलं तर तू एवढी चिडणार न्हाईस."

मला हे ऐकून रडू यायला पाहिजे होतं. मी मनात तपासत होते, की तो हे आत्ता रचतोय की खरंच असं ठरवलं होतं. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, काही चाळवत नव्हता. पण गाडी चालवणारा माणूस काही चाळवू शकत नाही.

घरी सासूबाईंनी विचारलं, कसा होता डोंगर. मुलगा म्हणाला, तिथं बाहुली होती. मुलगी म्हणाली, छान होता. तिनं डोंगरावरचं काहीच सांगितलं नाही, आणि ते मला आवडलं नाही. लपवायचं कसं, हे ती एका दिवसात आमच्या दोघांकडून शिकली होती. रात्री मी तिला जवळ घेऊन सगळं सांगितलं, पप्पांचं काम गेलंय, मला ठाऊक नव्हतं, मी तिथं खोटं बोलले. तिनं विचारलं, "मग आता पप्पा रोज कुठं जातील?" मी म्हणाले, घरी राहतील. ती म्हणाली, "तू शाळेत असताना तुला कसं कळेल?"

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी म्हाताऱ्याचा फोन आला. लेण्यांत दुसरा खड्डा पडला होता.

"माय, परवा साहेब घरीच होते का?"

"घरीच होते," मी लगेच म्हणाले. आणि या वेळी मला ते नक्की माहीत होतं, कारण आता मी रोज गाडीचं किलोमीटर बघत होते. त्याला ते ठाऊक होतं आणि तो काही म्हणत नव्हता.

"मंग गावातलाच कोणीतरी आहे," म्हातारा म्हणाला. "ज्या दोघांना घेऊन वर आलतो, आता त्यांच्यावरच नजर ठेवायची पाळी आली." त्यानंतर त्याचा फोन आला नाही. खड्डे कोणी खोदले, ते मला आजही माहीत नाही.

नवऱ्याला जानेवारीत त्याच जिनिंगमध्ये काम लागलं, ज्याचा अर्ज त्या पिशवीत होता. सीझनचं काम आहे, रात्रीचीही पाळी असते. कधी उशीर झाला तर मी फोन करते. काय विचारायचं ते मला सुचत नाही, म्हणून मी म्हणते, जेवलात का. तो हो म्हणतो. मग तो काही न बोलता फोन मशीनच्या बाजूला धरतो, आणि मी तो खडखडाट ऐकत राहते, माझं समाधान होईपर्यंत.